लिलावातील बोली आणि मागाहूनचा पश्चात्ताप

वारणेच्या पाण्यामुळे आणि तात्यासाहेब कोरे यांनी रुजविलेल्या सहकारामुळे वारणानगरच्या टापूत जमिनीस मोल आले आहे. बांधास लागून असलेले रान लिलावास निघाले की ते घेण्याची इच्छा कोणाही शेतकऱ्यास व्हावी, हे स्वाभाविकच होय. चुरशीने बोली चढते, ‘तीन वार’ पुकारले जाते, आणि घरी येऊन हिशेब मांडल्यावर डोळे उघडतात. मग ‘ही खरेदी मला नको’ असे म्हणता येईल काय, हा प्रश्न पुष्कळांस पडतो.

बोली हा केवळ प्रस्ताव होय. सन १८७२ च्या कराराच्या कायद्याप्रमाणे प्रस्तावाचा स्वीकार होईपर्यंत तो मागे घेता येतो. म्हणून सामान्यतः ‘तीन वार’ होण्यापूर्वी बोलणारा मोकळा असतो. तथापि लिलावाच्या शर्तींत बयाणा जप्तीचे कलम असू शकते, ते आधी वाचावे. बोली स्वीकारली गेल्यावर मात्र रस्ता अरुंद होतो.

दिवाणी कोर्टाच्या लिलावास सन १९०८ च्या दिवाणी कार्यपद्धतीची २१ वी ऑर्डर लागू आहे. खरेदीदाराने किमतीचा चौथा हिस्सा तत्काळ भरावा व उरलेली रक्कम १५ व्या दिवशी कोर्ट बंद होण्यापूर्वी द्यावी. न दिल्यास खर्च वजा जाता अनामत सरकारजमा होऊ शकते, मिळकतीचा फेरलिलाव होतो, आणि त्यात आलेली तूट कसूर करणाऱ्याकडून वसूल होते. समजा, बोली २० लाखांची झाली व ५ लाख भरले. फेरलिलावात १७ लाखच आले, तर अनामत गेली ती गेलीच, शिवाय ३ लाखांच्या तुटीचा तगादा मागे लागू शकतो. मुंबई हायकोर्टातून वर गेलेल्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टाने सन १९५४ मध्ये ही भरणा करण्याची बंधने सक्तीची ठरविली. ती मोडल्यास विक्रीच उरत नाही.

आपल्या सहकारी संस्थांच्या वसुलीस सन १९६१ च्या महाराष्ट्र सहकारी संस्था नियमांतील १०७ वा नियम लागतो. येथे अनामत शेकडा १५, आणि बाकीचा भरणा विक्रीपासून १५ दिवसांत. बँकांच्या सन २००२ च्या कायद्याखालील लिलावात शेकडा २५ त्याच दिवशी वा पुढील कामाच्या दिवशी भरावे लागतात. शेतजमिनीवरील तारणास तो कायदा लागू नाही. घर वा गाळा घेणाराने मात्र तो जाणावा. सेंट्रल बँकेच्या एका खटल्यात सुमारे १२ कोटी २७ लाखांची बोली बोलणाऱ्यास बाकी वेळेत भरता आली नाही. सन २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याची सुमारे ३ कोटी ६ लाखांची संपूर्ण अनामत जप्त होणे कायम केले.

हा कठोरपणा विनाकारण नाही. खरेदीदार मागे सरला की कर्जदाराचे व्याज चढत राहते, फेरलिलावात किंमत पडते, आणि ज्याची जमीन गेली त्याचेच नुकसान दुणावते.

परंतु कायदा पश्चात्ताप ऐकत नसला तरी दोष ऐकतो. कोर्टाच्या विक्रीत ऋणकोस त्या मिळकतीत विकण्याजोगा हक्कच नव्हता, अथवा जाहिरात व लिलाव यांत महत्त्वाची अनियमितता किंवा लबाडी होऊन भरीव नुकसान झाले, असे दाखविता आल्यास खरेदीदारास विक्री रद्द करण्याचा अर्ज करता येतो. मुदत ६० दिवसांची. विक्री रद्द झाल्यास पैसे परत मागता येतात. ‘भाव जास्त पडला’ किंवा ‘कर्ज मिळाले नाही’ हा दोष नव्हे.

म्हणून वकिलाची गाठ बोलीनंतर नव्हे, बोलीपूर्वी घ्यावी. सातबारा, फेरफार, इतर हक्कांचा रकाना, भोगवटादार वर्ग, भाऊबंदांचे दावे आणि प्रत्यक्ष ताबा पाहावा; कारण कोर्ट ऋणकोचा जेवढा हक्क असेल तेवढाच विकते. बिगरशेतकऱ्याने सन १९४८ च्या कुळकायद्याचे ६३ वे कलमही तपासावे. ते कोर्टाच्या विक्रीसही लागू आहे. आणि पंधरा दिवसांत पुरी रक्कम उभी राहील याची खात्री नसेल, तर शेजारचे रान कितीही गोड वाटो, तोंड न उघडणे हेच शहाणपणाचे.