ऑफिसच्या लॅपटॉपवरचे नियम कॉपी कसे होतात? आणि कॉपी फसते कुठे?

नव्या नोकरीचा लॅपटॉप हातात येतो. पेनड्राइव्ह लावला तर उघडत नाही, वॉलपेपर बदलता येत नाही आणि चहा घेऊन येईपर्यंत स्क्रीन लॉक झालेली असते. हे सगळं आयटीवाल्यांनी त्या लॅपटॉपसमोर बसून केलेलं नसतं. कंपनीने नियम एकदाच लिहून ठेवलेले असतात. लॅपटॉप इंटरनेटला जोडला गेला की ते आपोआप उतरतात. नियमांच्या या संचाला म्हणतात डिव्हाइस कॉन्फिगरेशन पॉलिसी.

हे काम करणारी एक मोठी सेवा म्हणजे मायक्रोसॉफ्टची इंट्यून. 2011 मध्ये ती विंडोज इंट्यून या नावाने आली, 2014 मध्ये नावातलं विंडोज गेलं. आज तिच्यातून आयफोन, अँड्रॉइड, मॅक असं सगळंच सांभाळलं जातं.

आता प्रश्न असा की पॉलिसीची कॉपी कशाला हवी? एक तर चालू पॉलिसीत थेट बदल करणं धोक्याचं असतं, म्हणून आधी प्रतीवर प्रयोग करतात. दुसरं म्हणजे, पुण्यात बसून परदेशातल्या चार-पाच क्लायंटची यंत्रणा सांभाळणारी टीम असेल, तर तेच नियम प्रत्येकाकडे नव्याने टाइप करत बसण्यात अर्थ नाही.

इंट्यूनच्या वेबसाइटवर सेटिंग्ज कॅटलॉगमधल्या पॉलिसीसाठी डुप्लिकेटचं बटण आहे. पण ते त्याच संस्थेच्या खात्यापुरतं. एक-दोन पॉलिसी असतील तर तेवढं पुरतं. चाळीस असतील तर माणूस क्लिक करून थकतो आणि थकलेला माणूस चुका करतो. म्हणून अ‍ॅडमिन पॉवरशेल उघडतात. काळ्या-निळ्या खिडकीत कमांड टाइप करायचं हे साधन मायक्रोसॉफ्टने 2006 मध्ये आणलं.

पडद्यामागे काय होतं?

पॉवरशेल थेट पॉलिसीला हात लावत नाही. ते मायक्रोसॉफ्ट ग्राफ नावाच्या खिडकीवर जाऊन मागणी करतं. आधी गेट, म्हणजे मूळ पॉलिसी वाचून आणणं. ती जेसन या मजकुरी स्वरूपात येते. मग त्यातला ओळख क्रमांक, तयार झाल्याची आणि बदलल्याची तारीख काढून टाकायची, कारण या गोष्टी नव्या पॉलिसीला सर्व्हरच देतो. नाव बदलायचं आणि पोस्ट करून परत पाठवायचं. झाली कॉपी.

ऐकायला सोपं आहे. पण सेटिंग्ज कॅटलॉगची पॉलिसी नुसती मागवली, तर नाव, वर्णन, सेटिंगची संख्या अशी वरवरचीच माहिती हाती येते. खरी सेटिंग्ज वेगळी मागावी लागतात.

पुढची अडचण जास्त छळते. जेसन तयार करणाऱ्या पॉवरशेलच्या कमांडला किती खोल जायचं हे सांगितलं नाही, तर ती फक्त 2 पातळ्यांपर्यंत उतरते. पॉलिसीची सेटिंग्ज मात्र डब्यात डबा, त्यात अजून डबा अशी असतात. खालचे डबे मग चपटे होऊन साध्या मजकुरासारखे उरतात. पॉवरशेलची 7.1 पासूनची आवृत्ती निदान इशारा देते. विंडोजसोबत येणारी जुनी 5.1 मात्र गप्प राहते. बॅकअपची फाइल तयार होते, फोल्डरमध्ये ठीकठाक दिसते आणि पॉलिसी चुकून डिलीट झाल्यावर ती परत टाकायला जावं, तेव्हा कळतं की आत काही उरलेलंच नाही. उपाय म्हणजे कमांडमध्ये डेप्थचा एक आकडा. कमाल 100 चालतो.

गुपितांचं वेगळंच. कस्टम पॉलिसीतली गुप्त मूल्यं वाचताना चार चांदण्यांनी झाकलेली येतात. स्क्रिप्टने तेच उचलून पाठवलं तर खऱ्या पासवर्डऐवजी चांदण्याच नव्या पॉलिसीत जाऊन बसतात. हे झाकणं चांगलंच आहे, नाहीतर पॉलिसी वाचताना पासवर्ड सरळ उघडा दिसला असता. पण कॉपी करणाऱ्याला ती मूल्यं वेगळी मागवावी किंवा हाताने भरावी लागतात.

पॉलिसी कुणाला लागू होणार, ही यादी कॉपीसोबत येत नाही. अनेकांना ही त्रुटी वाटते. खरं तर ती सोय आहे. यादी सोबत आली असती तर अर्धवट तपासलेली प्रत त्याच क्षणी सगळ्या लॅपटॉपवर उतरली असती. एक चुकीची फाइल एकदम सगळीकडे गेल्यावर काय होतं हे 19 जुलै 2024 रोजी जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राइकच्या एका अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार 85 लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पडले आणि भारतात काही विमान प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. तो प्रकार इंट्यूनचा नव्हता, पण धोका त्याच जातीचा.

म्हणून जाणते अ‍ॅडमिन प्रतीच्या नावात टेस्ट असं लिहितात, सेटिंगची संख्या मूळ पॉलिसीशी जुळवतात आणि आधी आयटीच्याच चार-पाच लॅपटॉपवर ती सोडतात. त्या लॅपटॉपवरून मूळ पॉलिसी काढायचं मात्र विसरून चालत नाही. एकाच सेटिंगला दोन पॉलिसींनी वेगवेगळी किंमत दिली, तर इंट्यून अहवालात कॉन्फ्लिक्ट दाखवतं आणि तो गुंता अ‍ॅडमिनलाच हाताने सोडवावा लागतो.