फाटक्या पानावरचा चौकोन

पहिलीचं पुस्तक दिवाळीपर्यंत धड राहिलं तर नवलच. कोपरे दुमडतात, तेलाचे डाग पडतात, धाकटं भावंड एखादं पान ओढून फाडतं. पण त्याच पानावरचा काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा छोटा चौकोन बघा. त्याचा एखादा तुकडा पुसला गेला, तरी मोबाइल समोर धरला की तो बरोबर वाचला जातो. मला हे अजूनही जादूसारखं वाटतं.

हा क्यूआर कोड 1994 मध्ये जपानमध्ये जन्मला, मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी. त्याच्या तीन कोपऱ्यांत मोठे चौकोन असतात. कोणत्याही बाजूने त्यांच्या मध्यातून रेघ ओढा, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं प्रमाण 1:1:3:1:1 असंच येतं. हा कोड बनवणारे मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ढीगभर छापील कागद तपासून हे प्रमाण शोधलं, कारण छपाईत ते सहसा कुठे आढळत नाही. म्हणून पुस्तक उलटं धरलं तरी फोनला चौकोन सापडतो.

आणि पुसलेला भाग? सरळ रेघ ओढायला दोन बिंदू पुरतात. मी तुम्हाला एकाच रेघेवरचे चार बिंदू पाठवले आणि वाटेत दोन हरवले, तरी रेघ तुमच्या हाती येतेच. 1960 मध्ये रीड आणि सॉलोमन या दोन गणितज्ञांनी मांडलेल्या पद्धतीचं मर्म हेच. तिच्या जोरावर क्यूआर कोड 30 टक्क्यांपर्यंतचं नुकसान सोसू शकतो. युरेनस ग्रहाजवळून व्हॉयेजर-2 या अवकाशयानाने पाठवलेली छायाचित्रंही याच गणिताने सावरली होती. काहीतरी हरवणारच, हे या गणितात आधीच धरलेलं असतं.

शाळेच्या वाटेवरही असंच काहीतरी हरवतं. ते बघायला आता धाराशिव जिल्ह्यात या. उमरगा तालुका कर्नाटकाला लागून. बाजारात मराठी, कन्नड, दखनी कानावर पडते आणि बंजारा तांड्यावर त्यांची बोली, गोरमाटी. तांड्यावरचं लेकरू पहिल्या दिवशी शाळेत येतं, तेव्हा त्याची ‘याडी’ पुस्तकात ‘आई’ झालेली असते, ‘बाटी’ची ‘भाकरी’. घरापासून शाळा हाकेच्या अंतरावर असली, तरी त्या लेकराला ती फार लांब वाटते. दूरशिक्षण म्हटलं की आपण किलोमीटर मोजतो. माझ्या मते बोलीपासून पुस्तकापर्यंतचं हे अंतर आधी मोजायला हवं.

कडदोरा इथल्या जगदंबानगरच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक उमेश खोसे यांनी ते मोजलं. पहिलीचा मजकूर त्यांनी मुलांच्या बंजारा बोलीत आणला आणि इंटरनेटशिवाय चालणारी अॅप तयार केली. 2021 चा राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीला रणजितसिंह डिसले यांनी मुलांसाठी कन्नड शिकून घेतली, पुस्तकांना क्यूआर कोड जोडले. 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला.

इंटरनेटशिवाय चालणारं अॅप म्हणजे काय, हे इथे नीट समजून घ्यायला हवं. क्यूआर कोडमध्ये बहुतेकदा पत्ता असतो, धडा नसतो; धडा दूरच्या संगणकावर असतो आणि तो आणायला रेंज लागते. ऑफलाइन अॅपमध्ये चित्रं, आवाज, प्रश्न सगळं आधीच फोनच्या मेमरीत भरलेलं असतं. एकदा ते फोनमध्ये आलं की रिचार्ज संपला तरी धडा उघडतो.

मराठवाड्यात ही सोय किती मोलाची! दसरा-दिवाळीनंतर कितीतरी घरांतला कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादमाकडून घेतलेल्या आगाऊ उचलीवर ऊसतोडीला जातो. मागे आजी-आजोबा नसले तर लेकरंही सोबत निघतात. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, मुक्काम उसाच्या फडाजवळच्या झोपडीवजा कोपीत. तिथे रेंज असेल-नसेल; फोन बापाचा, तोही तो फडातून परतल्यावरच हाती येणार. दप्तरातल्या पुस्तकाला तोवर उसाचा चिकट रस लागलेला. दोन महिन्यांचे धडे निसटलेले असतात, तरी फोन उघडला की आवाज घरच्याच बोलीत येतो आणि लेकरू पडद्यावरच्या चित्रावर बोट ठेवून म्हणतं, ‘याडी’.