आजोबांच्या कॅमेऱ्याची लेन्स आजच्या कॅमेऱ्यावर कशी बसवायची?

घरातल्या कपाटात झेनिट, प्रॅक्टिका किंवा जुना पेंटॅक्स पडून आहे? बॉडी बंद असली तरी लेन्स बऱ्याचदा कामाची असते. मे अखेर ते जून भंडारदरा परिसरात काजवे किंवा हरिश्चंद्रगडावर तारे टिपायचे असतील, तर हेलिओस 44-2 सारखी 58 मिमी, एफ/2 लेन्स मस्त चालते. फक्त अडॅप्टर नीट निवडा.

एम42 म्हणजे काय?

लेन्सच्या मागच्या आट्यांचा व्यास 42 मिमी आणि दोन आट्यांमधलं अंतर 1 मिमी. ही पद्धत 1949 च्या सुमारास जर्मनीत कॉन्टॅक्स एस आणि प्रॅक्टिका कॅमेऱ्यांबरोबर आली. पेंटॅक्सने 1975 मध्ये ती सोडली.

खरी मेख अंतराची

या लेन्सला सेन्सरपासून 45.46 मिमीवर बसावं लागतं, तरच दूरचं दृश्य स्पष्ट येतं. सोनी ई माउंटचं अंतर 18, कॅनन आरएफचं 20 आणि निकॉन झेडचं 16 मिमी. म्हणजे सोनीला 27.46 मिमी जाडीची साधी पोकळ नळी पुरते, आत काच लागत नाही. कॅननच्या ईएफ डीएसएलआरचं अंतर 44 मिमी, तिथे पातळ रिंग चालते. पण फुल-फ्रेम बॉडीत काही लेन्सच्या मागच्या भागाला आरसा धडकू शकतो, आधी तपासा.

निकॉन डीएसएलआरचं अंतर मात्र 46.5 मिमी. लेन्स किमान 1.04 मिमी पुढे सरकते आणि 58 मिमीच्या लेन्सला साधारण सव्वातीन मीटरपलीकडे फोकसच होत नाही. फुलं टिपता येतील, कोकणकडा नाही! काच असलेला अडॅप्टर फोकस परत आणतो, पण चित्राचा दर्जा घसरतो.

वापरण्याआधी

- मेन्यूत 'रिलीज विदाउट लेन्स' सुरू करा, नाहीतर शटर पडणार नाही.
- ऑटोफोकस विसरा. फोकस पीकिंग आणि झूम करून पाहण्याची सोय वापरा.
- बॉडीत स्टॅबिलायझेशन असेल तर फोकल लेंथ हाताने भरा, ट्रायपॉडवर ते बंद ठेवा.
- लेन्सच्या मागे छोटी पिन असेल तर ती दाबून धरणारा, कडा असलेला अडॅप्टर घ्या. नाहीतर ऑटोवर अ‍ॅपर्चर उघडंच राहील.
- एपीएस-सी सेन्सरवर 58 मिमीची लेन्स 87 मिमीसारखी दिसेल.
- काचेत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. अशी लेन्स बाकीच्यांपासून वेगळी ठेवा.

काजव्यांसाठी

लेन्सवरच्या इन्फिनिटीच्या खुणेवर भरवसा नको, कारण अडॅप्टरच्या जाडीत थोडा फरक असतो. उजेड असतानाच समोरच्या झाडावर फोकस लावा आणि रिंगला टेप चिकटवा. अंधारात टॉर्च मारून फोकस शोधू नका, फ्लॅशही नको. त्या उजेडात काजव्यांचा जोडीदार शोधण्याचा इशाराच हरवतो. हे अभयारण्य त्यांचं घर आहे, आपण पाहुणे.