एका लिटरात किती गुंठे?

फ्रीजमधून दुधाची पिशवी काढा. तिच्या अंगावर पाण्याचे थेंब दिसतात ना? ते आज आपल्या कामाचे नाहीत, फार अवाढव्य आहेत! आपल्याला हवा इंकजेट छपाईतला थेंब. १० पिकोलिटरचा, २७ मायक्रॉन व्यासाचा, म्हणजे केसाच्या निम्म्याहून बारीक. शाईऐवजी त्यात पाणी भरलंय असं समजू.

एका लिटरात असे थेंब किती? दहा हजार कोटी! थेंबाला रुपया लावला, तर दहा हजार कोटींची बाटली. सेकंदाला एक मोजत बसलात, जेवण-झोप सोडून, तर ३,१७० वर्षं. छपाईयंत्राचं एक छिद्र सेकंदाला १०,००० थेंब सोडू शकतं. ते आषाढी एकादशीला सुरू केलं, तरी बाटली रिकामी व्हायला कार्तिकीच उजाडेल. आणि थेंबाला थेंब लावून रांग केली, तर २,६७० किलोमीटर. डेक्कन क्वीन आठवडाभर रोज पुण्याहून मुंबईला जाऊन परत आली की साधारण तेवढी धाव होते. एका लिटरात!

आता रांग मोडू. थेंब त्या दुधाच्या पिशवीच्या पॉलिथिनवर ठेवू, एकमेकांत मिसळू न देता. (वाळतील म्हणता? आपल्या हिशेबात वाळायला मनाई आहे.) साध्या पॉलिथिनला पाण्याचं वावडं. थेंब फुगून बसतो, कडेला सुमारे १०० अंशांचा कोन करून. साऱ्या थेंबांखालची जागा मोजली, तर ८०० चौरस फूट. पाऊण गुंठा, टू बीएचके!

छपाईआधी याच फिल्मवर कोरोना, म्हणजे हवेतला विजेचा झोत, फिरवतात. पृष्ठभागाला ऑक्सिजन चिकटतो, कोन ६० अंशांच्या आसपास उतरतो, आणि पाऊण गुंठ्याचा जवळजवळ दीड गुंठा होतो. काही पॉलिमरांवर ऑक्सिजनच्या प्लाझ्माने कोन १० अंशांपर्यंत खाली आणता येतो. मग? जवळजवळ साडेपाच गुंठे! पाणी तेवढंच, थेंब तेवढेच, सातबारा मात्र सातपट.

थेंबाला अडवायचं असेल, तर त्याचीही सोय आहे. २००० साली केंब्रिजच्या हेनिंग सिरिंगहाउस आणि सहकाऱ्यांनी काचेवर पॉलिइमाइडची ५ मायक्रॉन रुंद पट्टी आखली आणि दोन्ही बाजूंना वीजवाहक पॉलिमरच्या पाणीदार शाईचे थेंब सोडले. काचेला पाणी प्रिय, पट्टीला नकोसं. थेंब पट्टीपाशी थबकले, मधल्या फटीत ट्रान्झिस्टर उभा राहिला. आपला थेंब २७ फूट रुंदीची विहीर धरला, तर हा बांध अवघा ५ फुटांचा!

आणि पिशवीवरच्या त्या वाढीव पाऊण गुंठ्यासाठी बदललं किती? फिल्म साधारण ५० मायक्रॉन जाड, कोरोनाने पालटलेला थर जेमतेम १० नॅनोमीटर. पाच हजारावा भाग! ही फिल्म म्हणजे काठोकाठ भरलेली ५० फूट खोल विहीर समजा. सगळी उलथापालथ झाली ती वरच्या ३ मिलिमीटरांत. खालच्या ५० फुटांना पत्ताही नाही!