सॉक्रेटिस... अजूनही हिट!

लातूरहून नांदेडला निघाले होते. एसटीत शेजारच्या मुलीच्या मांडीवर यूपीएससीच्या नोट्स आणि त्यात पिवळ्या हायलायटरनं रंगवलेलं एक नाव, सॉक्रेटिस!

'पाठ करतेयस?' मी विचारलं.

'मग काय ताई? एथिक्सचा पेपर 250 मार्कांचा आहे.'

2013 पासून यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत हा पेपर आला आणि ग्रीक म्हातारबाबा मराठवाड्यातल्या अभ्यासिकांमध्ये शिरले. ही मुलगी त्याआधी लातुरातच नीटचा क्लास करून बसलेली. 180 प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, त्यातला एकच बरोबर. 'दोन वर्षांत मी सरांना एकही प्रश्न विचारला नाही. वेळच नव्हता!' ती हसत म्हणाली. मला मात्र हसू आलं नाही.

नो ऑप्शन्स, प्लीज!

कारण सॉक्रेटिसचा फंडा नेमका उलटा. अथेन्सच्या बाजारात माणसं गाठायची आणि विचारायचं, धैर्य म्हणजे काय? न्याय म्हणजे काय? उत्तर आलं की त्यातूनच पुढचा प्रश्न. शेवटी समोरच्याची विकेट! त्याची आई सुईण होती. मीही तेच काम करतो, फक्त बाळंतपण विचारांचं, असं तो म्हणायचा. स्वतः त्यानं एक ओळ लिहिली नाही. आपल्याला तो भेटतो प्लेटो आणि झेनोफनच्या लिखाणातून. देव मानत नाही, पोरांना बिघडवतो, असे आरोप ठेवून इ.स.पूर्व 399 मध्ये अथेन्सनं त्याला विष प्यायला लावलं. वय 70. मित्रांनी पळून जायची सोय केली होती, पण हा गेला नाही.

आपला सॉक्रेटिस

मराठी रंगभूमीवर तो 1999 मध्ये आला. मकरंद साठे यांचं 'सूर्य पाहिलेला माणूस', दिग्दर्शक अतुल पेठे आणि सॉक्रेटिस झाले होते सत्तरी ओलांडलेले डॉ. श्रीराम लागू. सॉलिड कास्टिंग!

आणि नांदेडला तर त्याचा भाऊच शोभेल असा माणूस होऊन गेला, नरहर कुरुंदकर. इंटरला नापास झालेले कुरुंदकर पुढे इथल्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले. मनुस्मृतीपासून शिवचरित्रापर्यंत त्यांनी सगळ्याला प्रश्न विचारले आणि 10 फेब्रुवारी 1982 ला औरंगाबादेत व्यासपीठावरच त्यांचा शेवट झाला. वय अवघं 49.

गुड मॉर्निंगवाला

मोबाइलवरचा सॉक्रेटिस मात्र जरा वेगळाच. जुन्याशी भांडू नका, नवं उभारा, हा त्याच्या नावावर फिरणारा मेसेज तुम्हालाही आला असेल. तो मुळात डॅन मिलमन या अमेरिकन लेखकाच्या 1980 च्या पुस्तकातला. त्यातल्या पेट्रोल पंपावरच्या म्हाताऱ्याचं टोपणनाव सॉक्रेटिस, बस्स! पण कुणी विचारतच नाही, 'हे खरंच त्यानं म्हटलंय का?' सॉक्रेटिसनं पहिला प्रश्न हाच विचारला असता.

नांदेड जवळ आलं तशी ती मुलगी म्हणाली, 'ताई, पळून जाता येत होतं, तर गेला का नाही?'

हे नोट्समध्ये नव्हतं. मी म्हटलं, 'तुला काय वाटतं?' मग स्टँड येईपर्यंत आम्ही भांडत होतो!

तर मंडळी, पुढच्या मीटिंगमध्ये सगळे माना डोलवत असतील, तेव्हा एकदा विचारून बघा, 'म्हणजे नक्की काय?' विषाचा प्याला कुणी देणार नाही. फार तर अप्रेझल जरा कडू जाईल!