रणांगणावरचा निरोप

१६ सप्टेंबर १९६५ रोजी सियालकोटच्या आघाडीवर लेफ्टनंट कर्नल अर्देशीर बर्जोरजी तारापोर धारातीर्थी पडले. परमवीरचक्राच्या मानकऱ्यांत त्यांच्याहून वरच्या हुद्द्याचा सेनानी दुसरा नाही. मुंबईत जन्मलेल्या, पुण्यात शिकलेल्या आणि ‘पूना हॉर्स’ पलटणीचे नेतृत्व करणाऱ्या या वीराची आठवण या शहराला व्हावी, हे उचितच आहे. मात्र त्यांच्या मागे राहिलेल्या घराने ही आठवण कशी जपली असेल, याचा विचार आपण क्वचितच करतो.

त्यांच्या पराक्रमाची हकीकत सन्मानपत्रात नमूद आहे. ११ सप्टेंबर रोजी फिलौरा येथे ते जखमी झाले. परंतु पिछाडीस जाण्याचे त्यांनी साफ नाकारले. १४ तारखेस वझीरवाली आणि १६ तारखेस जस्सोरां व बुतूर-डोगरंडी ही ठाणी त्यांच्या पलटणीने सर केली. त्यांच्या रणगाड्यावर वारंवार गोळे येऊन आदळत होते. त्यांच्या नेतृत्वाखाली पलटणीने शत्रूचे सुमारे ६० रणगाडे निकामी केले आणि स्वतःचे केवळ ९ गमावले. राष्ट्राच्या दप्तरात ही नोंद कायमची राहील.

घराच्या दप्तरातील नोंद मात्र निराळी आहे. युद्ध चालू असतानाच तारापोर यांनी एका सहकारी अधिकाऱ्याजवळ आपली अखेरची इच्छा सांगून ठेवली होती. प्रार्थनेचे पुस्तक आईला द्यावे, सोन्याची साखळी पत्नीला, अंगठी मुलीला आणि फाउंटन पेन मुलाला द्यावे. मुलानेही आपल्याप्रमाणे सैन्यात जावे, असा निरोप त्याला सांगावा. आणि आपल्या देहास रणभूमीवरच अग्नी द्यावा. पारशी समाजात मृतदेहास अग्नी देण्याची चाल नाही, हे ध्यानी घेतले म्हणजे या शेवटच्या इच्छेचे मोल कळते. जेथे आपले जवान पडले, तेथेच सेनापतीनेही विसावावे, एवढाच तिचा अर्थ असावा.

ही इच्छा पूर्ण झाली. म्हणजेच त्या माउलीला आणि त्या पत्नीला अखेरचे दर्शन घडले नाही. पुढे १० जानेवारी १९६६ रोजी ताश्कंदचा करार झाला, उभय सैन्ये पूर्वीच्या सीमांमागे परतली, आणि ज्या भूमीवर तारापोर पडले ती पुन्हा सीमेपलीकडे गेली. तो करार शांततेसाठी होता आणि आम्ही त्याला दोष देत नाही. परंतु ज्या घरातील माणूस त्या मातीत मिसळला, त्या घराला दोन फुले वाहण्यासही जागा उरली नाही. पुस्तक, साखळी, अंगठी, पेन : या कुटुंबाची समाधी म्हणावयाची तर ती हीच.

२०२३ साली अंदमानातील एका बेटाला तारापोर यांचे नाव देण्यात आले. राष्ट्राने असा गौरव करावा, हे योग्यच होय. तथापि स्मारके उभारून समाजाचे ऋण फिटते, या समजुतीत एक धोका आहे. स्मारकापाशी आपण वर्षातून एकदा जातो. घरातील रिकाम्या खुर्चीपाशी मात्र रोज संध्याकाळी दिवा लावावा लागतो. वीराचे मरण हा राष्ट्राचा अभिमान, पण त्या मरणानंतरची वर्षे कुटुंबाला एकट्यानेच काढावी लागतात.

पुणे हे सैनिकांचे शहर आहे. निवृत्तांची आणि हुतात्म्यांच्या आप्तांची कितीतरी घरे येथे आहेत. त्या घरांची ओळख आपल्या मुलांना असावी, कचेरीच्या खिडकीपाशी वीरपत्नीला ताटकळावे लागू नये, आणि तिच्या दुःखाची आठवण भाषणापुरती उरू नये, एवढे तरी आपणास साधेल काय? तारापोर यांनी मृत्यूच्या छायेतही आपल्या घरातील कोणालाच विसरले नाही. आपणही त्या घरांना विसरू नये, हीच त्यांना खरी मानवंदना ठरेल.