दार गुळगुळीत हवे, पण जुन्या रंगाची धूळ घरात नको

बंगळुरू : भाड्याचे घर सोडताना रंगकामापोटी साधारणतः एका महिन्याचे भाडे अनामत रकमेतून कापून घेण्याची प्रथा बंगळुरूत रूढ आहे. माहिती-तंत्रज्ञान उद्योगामुळे भाडेकरूंची सतत ये-जा असलेल्या महादेवपुरा परिसरातही हे रंगकाम नित्याचेच. जुना भाडेकरू जाऊन नवा येईपर्यंतच्या मोजक्या दिवसांत ते उरकायचे असल्याने आतल्या दारांवर अनेकदा जुन्या रंगावरूनच नवा हात फिरवला जातो. ब्रशचे ओरखडे, ओघळ आणि खरखरीतपणा ही या घाईची लक्षणे होत.

भिंतीच्या मंद रंगात लहानसहान दोष लपून जातात. दारावरील चकचकीत ऑइल पेंट मात्र प्रकाश परावर्तित करतो आणि प्रत्येक खळगा उघडा पाडतो. त्यामुळे दाराचा गुळगुळीतपणा रंगाच्या किमतीपेक्षा पूर्वतयारीवर, म्हणजे घासकामावर अवलंबून असतो.

प्रथम कडी, मूठ व कुलूप काढून दारावरील तेलकट डाग साबणाच्या पाण्याने पुसावेत. सुटलेला रंग काढून १२० ते १५० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने पृष्ठभाग घासावा. खळग्यांत लाकडासाठीची पुट्टी भरावी आणि ती वाळल्यावर समतल करून प्राइमर लावावा. प्राइमरनंतर आणि रंगाच्या दोन हातांमध्ये २२० ते ३२० क्रमांकाच्या कागदाने हलके घासावे. एका जाड थरापेक्षा दोन पातळ थर चांगले. सपाट दारावर बारीक फोमचा रोलर वापरल्यास ब्रशच्या रेषा टळतात. शक्य असल्यास दार बिजागरीतून काढून आडवे ठेवावे, म्हणजे ओघळ येत नाहीत. बंगळुरूत सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पावसाचा जोर असतो. अशा दमट हवेत रंग उशिरा वाळतो. म्हणून डब्यावर दिलेल्या वेळेपेक्षा अधिक काळ थांबावे.

खरा धोका मात्र या घासकामातच दडलेला आहे. पूर्वी ऑइल पेंटमध्ये रंगद्रव्य म्हणून, तसेच रंग लवकर वाळावा यासाठी शिशाची संयुगे वापरली जात. केंद्र सरकारने २०१६ मध्ये अधिसूचित केलेल्या नियमांनुसार १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांपेक्षा अधिक असू नये, असे बंधन आले. महादेवपुरा परिसरातील अनेक इमारती त्याआधीच्या आहेत. त्यांच्या दारांवरील जुन्या थरांत शिसे असू शकते आणि ते डोळ्यांना ओळखता येत नाही.

असा रंग कोरडा घासला की त्याची सूक्ष्म धूळ जमिनीवर बसते. रांगणाऱ्या मुलांच्या हातांवाटे ती पोटात जाते. रंगाऱ्याच्या श्वासावाटे थेट फुफ्फुसांत. शिशामुळे मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. रक्तातील शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानता येत नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे.

त्यामुळे जुने दार घासताना काही पथ्ये पाळणे आवश्यक ठरते. जुना रंग घट्ट बसलेला असेल, तर तो लाकडापर्यंत खरवडू नये. केवळ चमक जाईल इतकेच घासावे. त्यासाठी पाण्यात चालणारा वॉटर पेपर वापरून पृष्ठभाग ओलसर ठेवावा, मात्र उघड्या लाकडात पाणी मुरू देऊ नये. जुना रंग ज्योतीने जाळून काढू नये. जमिनीवर प्लास्टिक अंथरावे आणि काम संपल्यावर झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. तोंडाला बांधलेला रुमाल पुरेसा नसतो; रंगाऱ्याने किमान एन-९५ मास्क वापरावा आणि कामाचे कपडे वेगळे धुवावेत. लहान मुले व गर्भवती महिलांना या काळात घरापासून दूर ठेवावे.

ओल्या घासकामाला आणि वाळवणीला एखादा दिवस अधिक लागतो. रंगाचे पैसे जाणाऱ्या भाडेकरूच्या अनामतीतून कापले जातात. घाईत उडालेल्या धुळीची किंमत मात्र रंगारी आणि त्या घरात नव्याने येणारे मूल मोजत असते.